रोज मरणाऱ्यांची पडताळणी

पत्र आलं तेव्हा बाईंची मुलगी एका कुबडीचं रबर बदलत होती आणि खजिनदारकाका चहात बिस्कीट बुडवत होते. पत्र ट्रस्टचं आहे हे पाकिटावरूनच कळलं, कारण इतकं जाड पाकीट त्या खोलीला दुसरं कोणी पाठवत नसे. काकांनी बिस्कीट बशीत ठेवलं, हात पुसले, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

“‘आपल्या संस्थेचा अनुदानासाठीचा अर्ज प्राथमिक छाननीत मान्य झाला आहे.’ मान्य! ऐकलंस ना? ‘तथापि अंतिम मंजुरीपूर्वी आपण पाठवलेल्या यादीतील चार लाभार्थींची प्रत्यक्ष पडताळणी करण्यात येईल. क्रमांक सतरा, रोज मरणारे...’”

काका थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती.

“‘क्रमांक सतरा, रोज मरणारे,’” त्यांनी आवाज उतरवून पुढे वाचलं. “‘क्रमांक एकोणतीस, खोटारडा. क्रमांक एकेचाळीस, भांडकुदळ, कंसात धाकटी. क्रमांक अठ्ठ्याहत्तर, देखणी. उपरोक्त रोज मरणारे, खोटारडा व भांडकुदळ यांना गुरुवारी सकाळी दहापासून आपापल्या घरी, आणि देखणी यांना दुपारी संस्थेच्या कार्यालयात उपस्थित राहण्यास कळवावे.’”

मिस्त्री एका चाकाच्या खुर्चीखाली उताणा पडून ब्रेक बसवत होता. तो तिथूनच म्हणाला, “देखणीला मी कळवतो.”

काकांनी पत्र उलटं करून मागेही पाहिलं.

ती खोली म्हणजे आजारपणाचं वाचनालय होतं. पुस्तकांच्या जागी पलंग, वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या आणि कमोडच्या खुर्च्या. ज्यांना विकत घेणं परवडत नाही त्यांनी फुकट न्यायचं, माणूस बरा झाला की परत आणायचं. नाही झाला तरी परत आणायचं. “वस्तू दोन्हीकडून परत येते,” असं बाई म्हणायच्या. बाई म्हणजे निवृत्त परिचारिका. बावीस वर्षं त्यांनी ही खोली चालवली आणि पाच महिन्यांपूर्वी त्याच गेल्या. त्यांच्या आजारपणातला पलंग मुलीने स्वतः पुसून खोलीत आणून लावला, तेव्हा मिस्त्रीने काही न बोलता वही काढली आणि पलंग जमा करून घेतला.

मुलगी शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं काम करायची, दुसऱ्या गावी. आई गेल्यावर, तिचं घर आवरायला म्हणून महिन्याची रजा काढून आली होती. महिन्याचे पाच झाले होते. घर दोन आठवड्यांत आवरून झालं, पण खोली आवरेना, कारण आवरायला घेतलं की दारात कोणीतरी यायचं आणि पलंग मागायचं. आता खोलीच्या मालकाला तिथे दुकान काढायचं होतं. भाडं वाढवून मिळालं तर ठीक, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी. ट्रस्टच्या अनुदानातून तीन वर्षांचं भाडं, मिस्त्रीचा पगार आणि तीस नवे पलंग येणार होते. ते आलं नाही तर खोलीतलं सगळं भंगारात जाणार आणि आईचं काम आपल्या हातून बुडालं, हे तिला जन्मभर वागवावं लागणार होतं.

“काका,” तिने कुबडी भिंतीला टेकवली, “तुम्ही आईची वही तशीच झेरॉक्स करून पाठवलीत?”

“शेवटचा दिवस होता. दुकानदार शटर ओढत होता. यादी मागितली होती, यादी पाठवली.”

“पण तिसरा रकाना?”

“मी बावीस वर्षं पाचवा रकाना बघतोय. किती वस्तू बाहेर, किती आत. तिसऱ्याशी माझा कधी संबंधच आला नाही.”

हे खरं होतं. काकांनी जन्मात आकड्यांखेरीज काही वाचलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ते फक्त तारीख आणि वेळ बघत. लग्न कोणाचं आहे ते तिथे गेल्यावर काकू सांगत.

तिसऱ्या रकान्यात नाव लिहायचं असतं. बाई तिथे नाव लिहीत नसत. भाड्याच्या खोल्यांतली माणसं, आज इथे तर उद्या तिथे. पत्ते बदलत, फोन तर महिन्याला बदलत. शिवाय आपल्या घरात कमोडची खुर्ची आलीय हे आपल्या नावावर वहीत चढलेलं बऱ्याच जणांना नको असायचं. तेव्हा बाई तिसऱ्या रकान्यात माणसाची खूण लिहीत. घोरणारा. मोठ्याने विचार करणारी. मामाच्या जिवावर जगणारा. उधळ्या. पत्ता बदलतो, स्वभाव बदलत नाही, एवढ्या एका तत्त्वावर ही संस्था चालली होती, आणि बावीस वर्षांत एक कुबडीसुद्धा हरवली नव्हती. आई अशा खुणा लिहायची हे मुलीला माहीत होतं. त्या कोणी कधी बाहेरचा वाचेल, असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिने ट्रस्टला फोन लावला.

“नावांची नवी यादी पाठवली तर चालेल का?”

“एकदा नोंदवलेली यादी बदलता येत नाही, मॅडम. का? आधीची खोटी आहे का?”

“नाही, नाही. खरी आहे.”

“मग अडचण काय आहे?”

“जरा जास्तच खरी आहे.”

“तसा पर्याय आमच्याकडे नाही,” पलीकडून उत्तर आलं. “सोबत जोडलेल्या घोषणापत्रांवर तेवढ्या सह्या तयार ठेवा. चारही हव्यात. एक जरी कमी पडली तरी अर्ज आपोआप रद्द होतो.”

घोषणापत्र पाकिटाच्या तळाशी होतं. चार प्रती, नीट टाइप केलेल्या. काकांनी वरची उचलली. “‘मी, खाली सही करणार, असे जाहीर करते की यादीतील क्रमांक एकेचाळीसवरील भांडकुदळ, कंसात धाकटी, ती मीच आहे.’” त्यांनी कागद हलकेच खाली ठेवला. “आता हे घेऊन तिच्या दारात कोण जाणार?”

“तुम्ही पाठवलंत, तुम्ही जा,” मिस्त्री म्हणाला.

“माझे गुडघे...”

“वॉकर देतो.”

शेवटी मुलगीच निघाली. घरं शोधायला त्रास पडला नाही. मिस्त्रीला माणसांपेक्षा वस्तू जास्त ठाऊक होत्या; चौथ्या रकान्यातला वस्तूचा नंबर ऐकला की तो पत्ता सांगे. “पलंग सहा? पिठाच्या गिरणीच्या वरचा मजला. डावीकडचा पाय करकरतो. खुर्ची अकरा? कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाशेजारी, दिवसभर दारात बसलेली असते.” फक्त कुबड्यांपाशी त्याची विद्या संपे. कुबडीला ना चाक ना ब्रेक. ती एकदा गेली की दुरुस्तीला येतच नाही. म्हणजे देखणी कुठे राहते हे कोणालाच माहीत नव्हतं.

मंगळवार आणि बुधवार ती तीन घरांत जाऊन आली. प्रत्येक घरात बाईंची मुलगी म्हणून तिला चांगली खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि आईबद्दल चार शब्द ऐकायला मिळाले. गिरणीवरच्या आजी म्हणाल्या, “तुझ्या आईच्या तोंडून कधी कोणाबद्दल वाकडा शब्द नाही ऐकला.” पिशवीतलं घोषणापत्र तिने आणखी खोल सारलं. या माणसांच्या मनात आई कशी आहे ते दिसत होतं, आणि गुरुवारी ती कशी होणार तेही दिसत होतं. खोली वाचवायची तर आईचं नाव जाणार, आणि नाव वाचवायचं तर खोली. ती प्रत्येक ठिकाणी एवढंच म्हणाली, “गुरुवारी एक साहेब येतील. ते एका कागदावर सही मागतील. तेवढी द्या.”

“देऊ की. कसला कागद?”

“चौकशीचा,” ती म्हणाली आणि उठली.

देखणीचं काम काकांनी अंगावर घेतलं. त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत सूचना लिहून खोलीच्या दाराला लावली: ‘देखणी यांनी गुरुवारी दुपारी दोन वाजता कार्यालयात हजर राहावे. हुकुमावरून.’

तपासनीस बरोबर दहाला आले. पस्तिशीचे, सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. बोलताना ओठांखेरीज चेहऱ्यावरचं काही हलत नसे. ते कशालाच हसत नव्हते, त्यामुळे त्यांना काय विचित्र वाटतंय आणि काय नाही ते कळायला मार्ग नव्हता.

“मी मत देत नाही,” त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. “मी फक्त यादीत आहे ते जागेवर आहे का, एवढं पाहतो. आधी रोज मरणारे.”

मुलगी आणि मिस्त्री त्यांना घेऊन निघाले. गिरणीवरच्या खोलीत पलंग सहा खिडकीशी होता. त्यावरचे आजोबा नऊ वर्षं रोज सकाळी चहाच्या वेळी शेवटचे निरोप देत आणि जेवणाच्या वेळी ते मागे घेत. पण आज पाहुणे येणार म्हणून त्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा चढवला होता आणि उशीला टेकून ते ताठ बसले होते.

“या, या साहेब! आज हवा काय छान पडलीय!”

तपासनीसांनी यादीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. “आपण रोज मरता का?”

मुलीने डोळे मिटून घेतले.

“मी?” आजोबा म्हणाले. “छे! मला काय धाड भरलीय?”

“आज सकाळी?”

“आज अगदी ठणठणीत वाटतंय.”

“मग पडताळणी होत नाही,” तपासनीस शांतपणे म्हणाले आणि पेनाचं टोपण लावू लागले.

आजी ओट्याशी भांडी पुसत होत्या. त्या झाऱ्यासकट पुढे आल्या. “नऊ वर्षं! नऊ वर्षं रोज सकाळी माझा जीव टांगणीला लावता. मुलांना बोलाव म्हणता, किल्ल्या कुठे आहेत ते सांगता, आणि आज चार माणसांसमोर ठणठणीत?”

“अगं, परक्या माणसासमोर कसं मरायचं?”

“कालपर्यंत दूधवाल्यासमोर मरत होता ते?”

आजोबा खजील झाले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. “खरं सांगायचं तर पहाटे छातीत जरा...”

“किती वाजता?” तपासनीसांनी टोपण काढलं.

“पाचच्या सुमारास. मी हिला उठवलंही असतं. पण म्हटलं, आज साहेब यायचेत.”

“म्हणजे नियम मोडलेला नाही, फक्त आजची वेळ पुढे ढकलली,” तपासनीसांनी तसं लिहून घेतलं आणि घोषणापत्र पुढे केलं. आजोबांनी सही केली. जिना उतरताना मुलीला मागून आजींचं हसणं ऐकू आलं. ‘रोज मरणारे’ हे शब्द ऐकून त्या चिडल्या कशा नाहीत, हे तिला कळेना.

खोटारड्याचं काम दोन मिनिटांत उरकलं. चपलांच्या दुकानाशेजारी, दारातच, चाकाच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ ऊन खात बसले होते. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात भला मोठा ‘११’ होता.

“ही संस्थेची खुर्ची आपण वापरता?” तपासनीसांनी विचारलं.

“खुर्ची?” गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. “कुठली खुर्ची?”

तपासनीसांनी ‘पडताळणी पूर्ण’ असं लिहिलं. गृहस्थांनी सहीसुद्धा तत्परतेने केली. ती त्यांच्या भावाच्या नावाची होती हे मिस्त्रीच्या लक्षात आलं, पण तो गप्प बसला.

भांडकुदळीच्या घरी जाताना मुलगी सगळ्यांच्या मागे राहिली. दोन जावा एकाच घरात राहत. त्यांची भांडणं चौथ्या इमारतीपर्यंत ऐकू जातात असं मिस्त्री सांगत होता. पण जिन्यात शुकशुकाट होता. कसल्या कागदाची चौकशी आहे ते गिरणीवरून इथपर्यंत येऊन पोचलं होतं, आणि आपल्या घरात भांडकुदळ कोण याचा निकाल सरकारी कागदावर लागणार असं दोघींनी धरलं होतं. दारातच त्या हसतमुखाने उभ्या होत्या.

“या ना! ताई, तुम्ही बसा, मी पाणी आणते.”

“अगं, तू कशाला? तू सकाळपासून दमलीयस. मी आणते.”

“नको, नको, ताई, तुम्ही कशाला?”

“मी काय परकी आहे?”

पाणी येईना. तपासनीस ते सगळं पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “आपल्यापैकी धाकटी कोण?”

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

“मी वयाने लहान, पण थोरल्याची बायको, म्हणून मी थोरली.”

“आणि मी धाकट्याची बायको, पण वयाने हिच्याहून दोन वर्षं मोठी. धाकटी म्हणाल तर हीच.”

“मोठेपणाच्या वेळी बरं तू मानपान काढतेस!”

“मी काढते? हळदीच्या डब्यावरून कोणी काढलं होतं?”

“भांडण आहे का?” तपासनीसांनी आशेने विचारलं.

“छे!” दोघी एकदम म्हणाल्या.

“‘भांडण आढळले नाही,’” त्यांनी लिहिलं. “मग मला हा क्रमांक अपूर्ण ठेवावा लागेल. आणि एक अपूर्ण म्हणजे अर्ज...”

“थांबा जरा!”

आतल्या खोलीतून ठक, ठक, ठक असा वॉकर आला. वॉकरमागून एक किडकिडीत म्हातारी आली, या दोघींची सासू. तिने वॉकर तपासनीसांच्या पायाशी आणून आदळला.

“माझ्या जिवंतपणी ह्या दोघी कुठून भांडकुदळ झाल्या? यांना धड भांडतासुद्धा येत नाही. भांडकुदळ धाकटी मी आहे.”

“आपलं वय?”

“ब्याऐंशी.”

“मग धाकटी कशा?”

“हा वॉकर पहिल्यांदा आणला तो माझ्या सासूसाठी. तेव्हा मी धाकटी होते. थोरली भांडकुदळ ती होती. तिचं वहीत बघा, क्रमांक चाळीस असेल, काट मारलेली. ती गेली, वॉकर मला राहिला.”

मुलगी म्हातारीकडे वळली. “आजी, आईने असं लिहिलंय ते... तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं म्हणजे? मीच सांगितलं. तुझी आई काय मनाने लिहायची का? ती विचारायची. नाव नको असेल तर नका देऊ, म्हणायची, पण मला ओळखता आलं पाहिजे. सांगा, काय लिहू? मी म्हटलं, भांडकुदळ लिहा, सगळी गल्ली ओळखते. तर म्हणाली, तुमच्या सासूबाईंनीही तेच सांगितलंय. म्हटलं, मग कंसात धाकटी लिहा. तिचा मान मी कशाला घेऊ?”

“म्हणजे गिरणीवरच्या आजीपण...”

“तिनेच सांगितलं असणार. नवऱ्याला कोण विचारतंय?”

मुलीने जिन्याच्या कठड्याला हात लावला. वीस वर्षं ती लोकांनी लिहिलेलं तपासत आली होती. हे कोणी लिहिलंय ते ओळखण्यात ती एकदाही चुकली नव्हती. इथे मात्र पाच महिने रोज वही उघडून तिने हे शब्द आईचे धरले होते. शब्द ज्याचे त्याचे होते. आईचं फक्त अक्षर होतं.

“लाभार्थीच्या संमतीने,” तपासनीस पुटपुटले आणि त्या शब्दांखाली त्यांनी रेघ मारली.

दुपारी दोनला ते खोलीपाशी पोचले तेव्हा दाराबाहेर अकरा देखण्या उभ्या होत्या. केस विंचरलेले, पदर नीट. कोणीच दुसरीकडे बघत नव्हती. एक गृहस्थही रांगेत होते. बायकोला कामावरून सुटी मिळाली नाही म्हणून तिच्या वतीने आलो, असं त्यांचं म्हणणं होतं. काका दारात घाम पुसत उभे होते.

“मी म्हटलं होतं एक येईल,” ते म्हणाले. “मला काय कल्पना, इतक्या असतील!”

“सूचनेत आकडा घालायचा होतात ना,” मिस्त्री म्हणाला.

तपासनीसांनी रांगेवरून एकदा शांत नजर फिरवली. देखणेपणाची पडताळणी कशी करावी याबद्दल त्यांच्या नियमावलीत काही नसावं. पहिल्यांदाच ते मुलीकडे वळले. “आपण कसं ओळखता?”

मुलगी पायरीवर चढली. “ज्यांच्याकडे कुबड्या आहेत त्यांनी पुढे या.”

रांगेत चुळबुळ झाली. सगळ्यात शेवटी, भिंतीला चिकटून, एक ठेंगणी बाई उभी होती. इमारतींचे जिने पुसायचं काम करणारी. हातात अजून बादली होती. एक पाय किंचित आखूड पडत होता. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन कुबड्या होत्या. मिस्त्रीने त्या सोडल्या, तळाचा नंबर वाचला आणि मान हलवली.

“पण चार वर्षं झाली याला,” तो म्हणाला. “तुमचा पाय तर कधीच बरा झाला असेल. परत का नाही आणल्यात?”

बाई बादलीकडे बघत म्हणाली, “परत आणल्या की वहीत काट मारतात ना.”

मिस्त्रीने कुबड्या पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या.

“पाय मोडला तेव्हा घरचे म्हणाले, आधीच रूप ते काय, त्यात आता लंगडी,” ती हळूच म्हणाली. “इथे आले तर बाईंनी विचारलं, काय लिहू? माझ्या तोंडून निघून गेलं, देखणी लिहा. वाटलं, आता हसतील. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. सरळ लिहिलं, आणि म्हणाल्या, पुढचं सांगा.”

बाकीच्या दहाजणींनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग पुढच्या एकीने कपाळावरची बट मागे सारली. “मग तीच. आमची काही हरकत नाही.”

“हरकतीचा रकाना नाहीच,” तपासनीस म्हणाले. पण घोषणापत्र त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं, आणि सही होईपर्यंत बादली स्वतः धरून ठेवली.

पंधरवड्याने, महिना संपायला चार दिवस असताना, ते मंजुरीचं पत्र घेऊन स्वतः आले. तीन वर्षं, भाडं, पगार, तीस पलंग. काकांनी पत्रातला आकडा तीनदा वाचला आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, शब्दही वाचायला घेतले. म्हणून तो सोबतचा दुसरा कागद त्यांच्या तावडीत सापडला.

“हे काय आहे? ‘ट्रस्टच्या अनुदानावर चालणाऱ्या सर्व एकशे चौदा संस्थांना यापुढे बंधनकारक. रकाना तिसरा, लाभार्थीची खूण, लाभार्थीच्या संमतीने. संकेत शून्य एक, रोज मरणारे. शून्य दोन, खोटारडा. शून्य तीन, भांडकुदळ. शून्य चार, देखणी. शून्य पाच, इतर. कंसात तपशील द्यावा.’”

“समितीला पद्धत पटली,” तपासनीस म्हणाले. “बावीस वर्षांत एकही वस्तू हरवलेली नाही, अशी आमच्याकडे दुसरी संस्था नाही. मी फक्त जे पाहिलं ते लिहिलं.” त्यांनी बॅगेतून पोचपावती काढली. “इथे स्वीकारणाऱ्याची सही. संस्था चालवणारी व्यक्ती. आणि नव्या नियमाप्रमाणे,” त्यांनी पेन उघडलं आणि मुलीकडे पाहिलं, “खूण. सांगा, काय लिहू?”

मुलीला आईची वही आठवली. हा प्रश्न या खोलीत किती जणांना विचारला गेला असेल, आणि त्यांनी किती भराभर उत्तरं दिली असतील.

“बाईंची मुलगी लिहा,” काका म्हणाले.

“ते नातं झालं. खूण नाही.”

“हट्टी लिहा,” मिस्त्रीने सुचवलं. “मालकाला विचारा.”

“त्यांनी स्वतः सांगायला हवं,” तपासनीस म्हणाले आणि वाट बघत राहिले. त्यांना घाई नव्हती.

मुलीने पावती त्यांच्याकडे सरकवली. “उशिरा आलेली,” ती शेवटी म्हणाली. “असं लिहा.”

काकांनी चष्मा काढला. तपासनीसांचं पेन कागदावर टेकलं, तेवढ्यात मिस्त्री हातातला पाना ठेवून उठला. “अहो, थांबा. उशिरा आली, पण आली ती गेली नाही. ते पण घाला.”

“एका रकान्यात एकच खूण बसते.”

“मग दुसरी घाला. पहिली काय, आम्हाला माहीतच आहे.”

तपासनीसांनी मुलीकडे पाहिलं. संमती असल्याशिवाय ते लिहिणार नव्हते. तिने मान हलवली, हो म्हणून की नुसतीच, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘०५. इतर (गेली नाही).’

पावती तीन प्रतींत होती. तिन्हींवर तेच लिहून, खाली तिला सही करायची होती. सही करण्याआधी मजकूर वाचायची तिला सवयच होती. तिने तिन्ही वेळा वाचला. पहिल्यांदा तिला ते दुसऱ्याच कोणाबद्दल आहे असं वाटलं. तिसऱ्या प्रतीपर्यंत ते बऱ्यापैकी खरं वाटायला लागलं होतं.